माळ्यावरचं मांजर

बोळात हवालदाराची मोटरसायकल वाजली, तसं शालनने पोराला माळ्यावर चढवलं.

चौकातल्या टवाळ पोरांची कबड्डीची टीम काढायची म्हणून पोलीस, नगरपालिका आणि शाळेने मिळून सगळ्यांची नावं आणि फोटो घेतले होते. तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. उद्या कुठे काच फुटली, की फोटो दाखवून ह्यालाच उचलतील.

“उमेश कुठाय?” हवालदाराने दारातून विचारलं.

“मामाकडे गेलाय.”

वर फळी करकरली.

“मांजर आहे,” ती घाईने म्हणाली.

हवालदाराने वर बघितलंही नाही. पिशवीतून नऊ नंबरचा टीशर्ट काढून त्याने उंबऱ्यावर ठेवला.

“पाचला मॅच आहे. मांजराला सांगा, कप्तानाशिवाय टीम उतरणार नाही.”