विहिरीकडची ओढ

देवसिंगची जुनी पिकअप तांड्याच्या वाटेवर जाताना डावीकडे ओढायची, येताना उजवीकडे. दोन्ही वेळा पडक्या विहिरीकडेच. घाटंजीहून आलेल्या नानाजी मिस्त्रीनं गाडीखाली पडून चाक हलवून पाहिलं. चाकं वळवणाऱ्या टायरॉडचा जॉइंट पार ढिला निघाला. नवा टाकला, तशी गाडी सुतासारखी सरळ चालली.

शिरस्त्याप्रमाणे त्यानं जुना जॉइंट मालकापुढे धरला. देवसिंग मागे सरकला.

"मले नको. तुमीच घेऊन जा."

"काहून जी?"

देवसिंगनं मजुरीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले अन् घरात निघून गेला.

नानाजीनं जॉइंट खिशात टाकला, फटफटी काढली. भर दुपारी, विहिरीपाशी, हँडल आपोआप वळलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला, जॉइंट झुडपात भिरकावला, फटफटी तिथंच टाकली अन् पायीच निघाला.

वाट नाकासमोर सरळ होती. पाय विहिरीकडे चालले होते.