वंदनाताईंच्या स्वप्नातले डोळे

"स्वप्नात डोळे दिसले की ती सोयरीक सोडायची. साफ सरळ अर्थ आहे. अन् माझा अर्थ आजवर चुकला नाही," अंबाजी बशीतला चहा फुंकत म्हणाले. "दिलीपला विचार. अपर्णाला विचार. दोघांची आयुष्यं मी वाचवली."

"लग्नं मोडली," त्यांची बायको सुशीलाबाई म्हणाल्या. "आज अमेयचे आई-वडील येतायत. आज कोणालाच अर्थ सांगू नका."

"कोणी विचारलंच तर? खोटं बोलू?"

"हौ. बोला."

अंबाजींचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान होतं. ब्लाउजपीस फाडता फाडता ते गिऱ्हाइकांना स्वप्नांचे अर्थ सांगायचे, फुकटात. जवळच्या गौलीगुडा मोहल्ल्यातली मराठी घरं त्यांना विचारल्याशिवाय मुलगी देत नव्हती, करत नव्हती. त्यांची स्वतःची माधवी मात्र आलेल्या प्रत्येक मुलाला नको म्हणायची. गेल्या आठवड्यात अमेय आई-वडिलांसोबत बघून गेला आणि ती पहिल्यांदाच "चालेल" म्हणाली. तेव्हापासून घरात कोणी मोठ्यानं शिंकत नव्हतं.

बेल वाजली. श्रीकांतराव आणि वंदनाताई आले. मूळचे पुण्याचे, मुलाच्या कंपनीमुळे इकडे आलेले. माधवी स्वयंपाकघरात गेली, गॅस बंद केला आणि दाराला कान लावून उभी राहिली.

वंदनाताईंनी उस्मानिया बिस्किटाला हात लावला नाही.

"मुलगी चांगली आहे, अंबाजीराव. अमेयलाही आवडलीय. फक्त माझं एक अडतंय. तुम्ही हसाल."

"मी म्हणत होतो, निदान इथे तरी विचारू नकोस," श्रीकांतराव पुटपुटले. "गाडीत भांडण झालं आमचं यावरून."

"विचारा की ताई."

"तिला बघून आले त्याच रात्री मला स्वप्न पडलं. नुसते डोळे. चेहराच नाही."

"साबुदाणा वडे खाल्ले होते हिनं," श्रीकांतराव म्हणाले.

अंबाजींनी तोंड उघडलं. खरा अर्थ अगदी जिभेवर आला होता. टीपॉयखाली सुशीलाबाईंनी त्यांच्या अंगठ्यावर टाच ठेवली.

"डोळे म्हणजे लक्ष्मी," अंबाजी म्हणाले.

"पण एक डोळा बंद होता."

"झोपलेली लक्ष्मी. तुमच्या घरी येऊन उठणार."

"मग त्यातून पाणी यायला लागलं."

"सासरी जाताना पोरगी रडणारच की."

"पाणी नव्हतं हो ते. लाल होतं."

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. अंबाजींनी कपाळ पुसलं. दुकानात कोणी हे स्वप्न सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला गाव बदलायला सांगितलं असतं.

"कुंकू," ते म्हणाले.

"ते डोळे माझ्या मागे लागले होते. थेट जिन्यापर्यंत."

"सासूच्या मागे मागे करणारी सून आजकाल मिळते कुठे?"

श्रीकांतराव हसले. वंदनाताई हसल्या नाहीत.

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. डोळ्यांवरून तुम्ही लग्नं थांबवता, हे ऐकूनच आले मी. तुम्ही नाही म्हणालात तर हा विषय मी इथेच सोडते. मग ती मुलगी कितीही चांगली असो."

अंबाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाराच्या फटीतून माधवीच्या ओढणीचं टोक दिसत होतं. ते हलत नव्हतं.

"देवाशपथ सांगतो, ताई," ते म्हणाले. "असं स्वप्न नशीबवानाला पडतं. मुलगी बघून आल्यावर काहीच दिसलं नाही, तर परेशान व्हायचं. म्हणजे देव गप्प बसला. तुम्हाला देवानं डोळे दाखवले, पुन्हा कुंकवासकट. डोळे झाकून हीच मुलगी करा. आजच कळवा."

सुशीलाबाईंनी टाच उचलली.

वंदनाताईंनी मोठा श्वास सोडला. त्यांनी बिस्किट उचललं, चहात बुडवलं, खाल्लं आणि दुसरं घेतलं. मग पर्समधून फोन काढला.

"बरं झालं आले. श्रीकांत नकोच म्हणत होता, इथे कसं विचारायचं म्हणून. पण तुमच्याइतकं खरं कोण सांगणार? लगेच फोन करते."

"कोणाला?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"हिमायतनगरला, शिल्पाच्या आईला. रविवारी बघून आलो तिला, अन् त्याच रात्री हे स्वप्न. घाबरून आम्ही माधवीचंच नक्की करायला निघालो होतो. हिला बघून गेले त्या रात्री मी काय गाढ झोपले होते. काही म्हणजे काही दिसलं नाही."

फोन लागला. होकार ऐकूनही शिल्पाच्या आईचा विश्वास बसेना, म्हणून वंदनाताईंनी तो अंबाजींच्या हातात दिला.