उजवी वेणी

पान चौऱ्याऐंशीवर रमाकांतराव अडकले ते अडकलेच. सुनेनं, आसावरीनं, समोर ठेवलेला चहा पार गार झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाबा, ह्याला किती मार्क?" तिनं विचारलं.

"शून्य," ते म्हणाले. "आणि तेही उपकार म्हणून."

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून रमाकांतरावांना वाचनाचा नाद लागला होता. बारामतीच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणायची आणि दर रविवारी वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळींचं मत टाकायचं, दहापैकी गुणांसकट. अभ्यास वगैरे काही नाही. वाटलं ते लिहायचं. गेल्या महिन्यात समुद्राखालच्या नगरीच्या कादंबरीला त्यांनी साडेआठ दिले होते. 'राजकन्या माशांशी गप्पा मारते, पण जेवते काय ते लेखक सांगत नाही, म्हणून दीड गुण कापला.' उडत्या डोंगरांच्या कादंबरीला सहाच, कारण 'मधली दोनशे पानं सगळे नुसते चालतायत'.

आत्मचरित्रं आली की त्यांचा हात आखडायचा. एका निवृत्त कलेक्टरला चार, एका नटीला पाच. त्यांचं म्हणणं साधं होतं. अद्भुत कादंबरीवाला आधीच कबूल करतो की बाबांनो, मी थापा मारतोय. आत्मचरित्रवाला त्याच थापा शपथेवर मारतो.

आणि आता हे महिपतीचं आत्मचरित्र! महिपती म्हणजे शेळगावच्या शाळेत त्यांच्या शेजारी बसणारा, पुढं इंजिनिअर होऊन नाशिकला गेलेला. पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापून त्यानं वाचनालयाला भेट पाठवलं होतं. सुरुवातीची पानं वाचताना रमाकांतरावांना गलबलून आलं. शाळेमागची चिंच, गुरुजींची घंटी नसलेली सायकल, खिशातले गूळ-शेंगदाणे, सगळं जसंच्या तसं. मनातल्या मनात त्यांनी आठ गुण देऊनही टाकले.

मग आलं पान चौऱ्याऐंशी. चौथीतली मुक्ता कालव्यात बुडत असताना महिपतीनं तिला कसं वाचवलं, त्याची हकिगत. 'माझ्या मुठीत तिची डावी वेणी होती,' असं त्यानं छातीठोकपणे लिहिलं होतं.

मुक्ताला वाचवलं होतं रमाकांतरावांनी.

उभ्या आयुष्यातलं त्यांचं ते एकच धाडस. बाकी सगळी नोकरी लोकांचे फोन जोडून देण्यात गेली. तो दिवस त्यांनी बायकोला सांगितला होता, मुलाला सांगितला होता, आसावरी तर आता पुढचं वाक्य त्यांच्याआधी म्हणायची. कालव्याचं गढूळ पाणी, नाकातोंडात गेलेला चिखल, मुठीत घट्ट धरलेली तिची उजवी वेणी, तिची लाल रिबीन. मग काठावरची गर्दी आणि मुक्ताला दणादण धपाटे घालणारी तिची आई. वाचलेल्या पोरीला कुणी असं मारतं का, हे त्यांना तेव्हाही कळलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांचा उजवा कान मंद झाला तो झालाच, आणि पुन्हा ते कधी पाण्यात उतरले नाहीत.

हा दिवस गेला तर आपल्याजवळ सांगण्यासारखं काय उरतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना चक्क भीती वाटली.

"उजवी होती!" ते आसावरीला म्हणाले. "ह्या लेकाला वेणीसुद्धा धड चोरता आली नाही."

ग्रुपवर लिहायचं तर पुरावा हवा. मुक्ता लग्न होऊन इंदापुरात गेली, एवढं त्यांना ठाऊक होतं. चार फोन फिरवून त्यांनी पत्ता मिळवला आणि शनिवारी सकाळी पुस्तक पिशवीत घालून एसटी पकडली.

मुक्ताबाई अंगणात शेंगा निवडत होत्या. पिकल्या केसांचा एवढासा अंबाडा, अंग वाळलेलं. हाक ऐकल्यावर नुसती मान न वळवता त्या अख्ख्याच वळल्या.

"रमाकांतराव नव्हं तुमी? या की!"

चहा झाला. चिंच निघाली, गुरुजींची सायकल निघाली, दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. साठ वर्षं मधे गेली आहेत असं वाटेना. मग रमाकांतरावांनी घसा खाकरला, पुस्तक काढलं आणि पान चौऱ्याऐंशी मोठ्यानं वाचून दाखवलं. मुक्ताबाई मानेवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हैपती आला हुता दोन सालामागं," त्या म्हणाल्या. "ह्येच सांगत हुता. मी म्हनलं, लिव्ह बाबा."

"आणि तुम्ही त्याला अडवलं नाही?"

"कशापायी? लई खुशीत हुता."

"अहो मुक्ताबाई, पण वाचवलं मी ना तुम्हाला!" रमाकांतरावांचा आवाज चिरकला. "उजवी वेणी माझ्या मुठीत होती. ह्या हाताला अजून आठवतं. बाकी काही बोलू नका, फक्त उजवी का डावी, एवढंच सांगा. माझ्यापाशी दुसरं काही नाही हो."

मुक्ताबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"पवायला कवा शिकला हुता तुमी?"

"शिकलो कुठं! वेळच तशी आली, दुसरं काय."

मुक्ताबाई मायेनं हसल्या, आणि इतका वेळ सांभाळलेलं 'तुमी' गळून पडलं.

"रम्या, उजवी तुज्या मुठीत हुती आन डावी म्हैपतीच्या. तुमा दोघास्नी काठाला वडून आणस्तवर माजी मान मोडायची येळ आली हुती."