लोण्याचं बोट

लेकीने दूध-लोणी कायमचं सोडलं आणि त्यावरून दुधाचा धंदा असलेल्या बाबांशी कडाकडा भांडून ती घराबाहेर पडली. त्यानंतर आज ती पहिल्यांदाच जेवायला येणार होती. बाबांनी हौसेने स्वतः ओव्हनमध्ये भाजायचं कॅसरोल थराथराने रचलं: बटाटे, वाटाणे, मशरूम, वर सोयादुधाचा सॉस. भांडं ओव्हनमध्ये गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. भांड्याला आतून बोट फिरवलं होतं, ते लोण्याचं. हाताची सवय, दुसरं काय!

"अहो, गप्प बसा. तिला काय कळतंय?" आई म्हणाली.

बाबा ओव्हनपाशी गेले, खिडकीशी गेले, परत ओव्हनपाशी आले. तेवढ्यात लेक आलीच. दारात जराशी थबकली, मग हात धुऊन टेबलाशी बसली. पहिला घास तोंडाशी नेला, तोच बाबांनी तिचा हात धरला.

"नको खाऊस. चुकून लोणी लावलंय मी भांड्याला."

तिने चमचा खाली ठेवला. "दूधवाल्याची पोर आहे मी, बाबा. मला दारातच वास आला होता."

"मग घास कशाला उचललास?"

"तुम्ही अडवता का, ते बघत होते."