दुसरं बटण

"ताई, सही कोठे करू?" दगाकाकांनी विचारलं आणि सलाईन नसलेला हात चादरीबाहेर काढला.

नूतननं कागद अजून पिशवीतून काढलाही नव्हता. ती येणार, कशासाठी येणार, हे तिच्या वरिष्ठानं, रोहितनं, फोनवरून आधीच कळवलेलं दिसत होतं. तिनं कागद काढला. चारच ओळी होत्या. टाकीत उतरण्याआधी मी स्वतः अ‍ॅपवर 'सर्व ठीक' हे बटण दाबलं, धोका असल्याचं कळवलं नाही, वगैरे.

पंधरा दिवसांपूर्वी पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये दगाकाका टाकी साफ करायला उतरले होते. आत वायू साठलेला होता. बाहेर काढलं तेव्हा श्वास जेमतेम चालू होता. आता अपघाताची सरकारी चौकशी चालू होती. कामाआधी सगळं ठीक आहे की धोका, ते कळवायला मिलमध्ये कामगारांच्या हातात दिलेलं ते अ‍ॅप नूतनच्या कंपनीचं होतं, आणि त्याचा एकूण एक स्क्रीन नूतननं डिझाइन केलेला. "तू त्यांच्या भाषेत बोलतेस," रोहित म्हणाला होता. "तुझ्यासमोर ते बिचकणार नाहीत."

काका खरंच बिचकत नव्हते. पेन कुठे आहे ते बघत होते.

"काका, सहीचं राहू द्या जरा," नूतन म्हणाली. तिनं आपल्या फोनवर अ‍ॅप उघडलं आणि त्यांच्यासमोर धरलं. "समजा तुम्ही टाकीपाशी उभे शेतस. आतून वास येतोय. तर या फोनवर कसं सांगशात?"

हा प्रश्न तिनं आजवर शंभर जणांना तरी विचारला असेल. त्यापाठोपाठ म्हणायचं वाक्यही तोंडात बसलेलं होतं. ते ती आज अहिराणीत म्हणाली, "परीक्षा तुमनी नही काका, या अ‍ॅपनी शे."

दगाकाकांनी फोन डोळ्यांजवळ घेतला. मधोमध मोठं हिरवं बटण. त्यांनी ते सोडलं आणि आजूबाजूला बोट फिरवलं. वर. खाली. कोपऱ्यात तीन ठिपके होते, त्यांवरून बोट नुसतंच सरकून गेलं. नूतन गप्प बसून होती. चाचणी चालू असताना मदत करायची नाही, असा नियम होता आणि नव्या पोरापोरींना तीच तो शिकवायची.

पहिल्या आराखड्यात धोक्याचं लाल बटण होतं, हिरव्याच्या शेजारी, तेवढंच मोठं. तिचे वडील उधन्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण लूमवरचं लाल बटण त्यांचा हात न बघता शोधायचा. त्यावरूनच तिला ते सुचलं होतं. मग मिलवाले म्हणाले, कामगार उठसूट लाल दाबतात, मशिनं थांबतात. नूतननं लाल बटण तिसऱ्या पानावर, 'इतर' या शब्दाखाली नेलं. पहिलं पान किती मोकळं, किती स्वच्छ झालं, म्हणून मीटिंगमध्ये तिचं कौतुक झालं होतं.

चार मिनिटं झाली. काकांना धाप लागली.

"सापडनं नही," ते म्हणाले. "त्या दिवशीबी सापडनं नही. वास ये राहिंता. पण हिरवं दाबाशिवाय पुढे जायेच ना." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "माले सही तेवढी येस, वाचता येस नही ना ताई. मनीच चूक."

नूतननं फोन परत घेतला. तेवढ्यात तो तिच्या हातातच वाजला.

"झाली सही?" रोहित.

"नाही. मी घेत नाहीये."

"म्हणजे?"

"आत्ता त्यांची चाचणी घेतली. चार मिनिटांत धोक्याचं बटण सापडलं नाही. तसं लिहून पाठवतेय. तुला, आणि चौकशी अधिकाऱ्यांनाही."

"नूतन, ते पान कुणी केलंय ते सगळ्यांना माहीत आहे. नोकरी तुझीच जाईल."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिनं कागदाची घडी घालून तो पिशवीत टाकला.

शोभाबाई, काकांची बायको, इतका वेळ खाटेच्या पायाशी उभी होती. ती आता पुढे आली.

"बाई, हे तुम्ही काढेल शे का?"

"हो, मावशी."

"मंग त्यासले दखाडी द्या ना, कोठे शे ते. झोपमाबी बोट फिराडतस."

नूतन खाटेच्या कडेला टेकली. काकांचं बोट तिनं हातात धरलं. कातडीत निळा रंग मुरलेला होता, नखाखाली तर काळाच दिसत होता. तीन ठिपके. मग खालची पट्टी. मग 'इतर'. मग लाल बटण. बोट त्यावर टेकलं तसा एक छोटा चौकोन वर आला.

"हाई काय लिखेल शे?" काकांनी विचारलं.

नूतननं वाचून दाखवलं. "'नक्की? काम बंद पडेल.'"

काका त्या चौकोनाकडे बघत राहिले. नाकातल्या नळीचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"काम बंद पडी?" ते म्हणाले. "मंग राहू द्या." आणि त्यांनी बोट हळूच तिच्या हातातून सोडवून घेतलं.