पावडरचे तीन थर

“बोलत राहा गं. गप्प चेहऱ्यावर रंग बसत नाही,” असं म्हणून मावशीने पावडरचा पहिला थर नटीच्या कपाळावर दाबला.

नटी बोलायला लागली. विषय सासूचा होता, त्यामुळे तो संपायची भीती नव्हती. पहिल्या घंटेला पंचवीस मिनिटं उरली होती. पावडर उडू नये म्हणून रंगपटातला पंखा बंद होता. आरशाभोवतीचे बारा दिवे तापले होते. आणि मावशीच्या मागे, हाताची घडी घालून, उद्यापासून तिची जागा घेणारी मुलगी उभी होती.

मॅनेजरने सकाळीच तोंडावर सांगून टाकलं होतं. “मावशी, आजचा प्रयोग तुमचा शेवटचा. आता जरा नवीन पद्धत पाहिजे.” खरं कारण वेगळंच होतं. गेल्या आठवड्यात तो दारात उभा असताना मावशी त्याच्याकडेच तोंड करून म्हणाली होती, “तो मॅनेजर कुठं उलथलाय?” चारचौघांत. सगळे खो खो हसले. तेव्हापासून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. मावशीची बावीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यापायी चालली होती. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर करायचंही नव्हतं.

तरी तिचा हात रोजच्याच चालीने चालला होता. थाप, दाब, झटक. मग बोटाच्या पाठीने गाल तपासायचा. बोट चिकटलं तर थर कच्चा, सरकलं तर पक्का. पक्का झाला की पाण्याचा बारीक फवारा आणि वर दुसरा थर. पावडर अशी थरावर थर बसली की नटीने अडीच तास नाचावं, गावं, धाय मोकलून रडावं. चेहरा जागचा हलायचा नाही. डोळे आणि ओठ तेवढे नटी आधी स्वतः रंगवून घ्यायची. मावशीचं म्हणणंच तसं होतं, “आपल्या डोळ्यांचं आपण बघावं.”

नवी मुलगी वाईट नव्हती. रीतसर शिकून आली होती, येताना प्लगला लावायचा, स्टँडवरचा गोल दिवाही घेऊन आली होती. मदत म्हणून तिने टेबलावरचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले होते. मावशीचा हात दुसऱ्या थराच्या डब्याकडे गेला आणि थबकला. मग तिने एकेक डबा चाचपला. प्रत्येकाला रबरबँड गुंडाळलेले होते. पहिल्या थराला एक, दुसऱ्याला दोन, सोनेरीला तीन.

“माझे डबे कुणी हलवले?”

“मी. नीट दिसावेत म्हणून,” मुलगी म्हणाली.

“दिसून काय करायचंय? हाताला लागले पाहिजेत.”

दारात उभ्या असलेल्या मॅनेजरला राहवलं नाही. “डब्यांना रबरबँड! झाकणं काय उडून जातायत, मावशी?”

मावशीने दोन रबरबँडांचा डबा उघडला. दुसरा थर बसला, बोट सरकलं. आता सोनेरी थर लावायचा, तोच काळोख झाला. खोलीला खिडकी नव्हती. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

“अगं बाई, लाईट गेली!” मुलगी ओरडली.

मोबाइल मॅनेजरने सगळ्यांचे आत येतानाच काढून घेतले होते. स्वतःचा तेवढा जवळ ठेवला होता. त्याची बॅटरी लावून मॅनेजर जनरेटरकडे पळाला. जनरेटर इमारतीच्या पार मागे. जाता जाता बजावून गेला, “चेहऱ्याला कुणी हात लावू नका! सगळ्याची वाट लागेल!”

“आता काय करायचं?” मुलीचा आवाज रडवेला झाला होता.

“करायचं काय? सोनेरी थर राहिलाय,” मावशी म्हणाली. “तू बोल गं. सासू कुठवर आली होती?”

सासू पुढे निघाली. मुलीला काळोखात नटीचं बोलणं ऐकू येत होतं, आणि त्याच्या आडून थाप, दाब, झटक. त्यात घाई नव्हती, अडखळणं नव्हतं. आपल्या गोल दिव्याची तिला पहिल्यांदाच लाज वाटली.

पाच-सहा मिनिटांनी आरशाभोवतीचे बाराही दिवे एकदम पेटले. मॅनेजर धापा टाकत दारात आला आणि तिथंच थांबला. नटी आरशात बघून सासूला विसरली. गालाच्या हाडांवर सोनेरी झळाळी चढली होती, कपाळ नितळ होतं, कुठे डाग नाही, कुठे ठिगळ नाही. मानेवर एक कण सांडलेला नव्हता. मुलीने न राहवून पांढरा रुमाल तिच्या गालावर दाबला. रुमाल कोराच निघाला.

मावशीने ब्रश झटकला, डब्याला झाकण लावलं.

“गप्प का झालात सगळे?” ती म्हणाली. “काळजी करू नका. लाईट आली की बघा, कसं झालंय ते.”

मुलीने तोंडावर हात दाबला. नटीने आरशातूनच मॅनेजरकडे पाहिलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, दम होता.

मॅनेजरला गेल्या आठवड्यातलं ते वाक्य आठवलं. मग त्याने हात लांब केला आणि दाराजवळचं, कधीपासून बंद पडलेलं एक बटण खटकन दाबलं.

“आली, मावशी,” तो म्हणाला. “उद्या वेळेवर या.”