पाचवा चेहरा

यादीत आज पाचवा चेहरा एकच होता आणि तो बाबांच्या नावापुढे होता. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते.

तिने फोनवरचं पान बंद करून पुन्हा उघडलं. चेहरा तिथेच होता. वेळ, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं.

नियम तिनेच लिहिला होता. महामारीत कॉलेज बंद पडलं, तेव्हा वर्गातल्या सहा जणांनी घरोघरी अडकलेल्या मुलामुलींसाठी हे पान सुरू केलं. रोज सकाळी फोन विचारायचा, आज कसं आहे? पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा. पहिला मजेत, दुसरा बरं आहे, असं करत पाचवा म्हणजे एकट्याने निभत नाही. पाचवा दाबणाऱ्याला संध्याकाळच्या आत फोन जायचा. बाकीच्यांना नाही. सहा जणांना तेवढंच झेपत होतं. आज फोन करायची पाळी तिची होती. मैत्रिणींनी नको म्हटलं होतं, तरी तिने ती बदलून घेतली नव्हती.

"यंत्राचा घोळ असेल गं," चष्मिस फोनवर म्हणाली. पानाची तांत्रिक बाजू सांभाळणारी ही वर्गमैत्रीण.

"बाकी कुणाच्या नावाला झालाय घोळ?"

"नाही. त्याच फोनवरून आलंय. दोनदा तपासलं मी. ऐक ना, हा एक फोन मी करते."

"पाळी माझी आहे."

बाबांचा फोन अजून हॉस्पिटलात होता. चष्मा, कपडे, फोन एका पिशवीत बांधून ठेवलंय, आठवड्याने घेऊन जा, असा निरोप होता. पिशवीतला फोन चेहरा कसा दाबेल, हे तिला कळत नव्हतं. कळत नव्हतं अशा गोष्टींत ही एक नवी.

बाबांना या पानावर तिनेच घातलं होतं. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. निदान रोज एक चेहरा तरी दिसेल, एवढाच हिशेब. पान पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांचं, एकसष्ट हा आकडा ते घेईना. तिने पंचवीस लिहिलं.

"आईला दाखवू नकोस," अँब्युलन्सच्या पायरीवर पाय ठेवत बाबा म्हणाले. "पंचविसाव्या वर्षी मी फार छळलंय तिला."

बाबा पुस्तकं बांधायचे. चाळीस वर्षं खळ आणि सुई हाताळून त्यांचा अंगठा इतका जाड झाला होता की फोनला तो कळतच नसे. तर्जनीने दाबायचं, हे तिने त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं होतं.

मग रोज सकाळी दुसरा चेहरा येऊ लागला. ती स्वयंपाकघराच्या दारातून सांगायची, "आई, दोन आहे." आई म्हणायची, "मग पडू दे त्यांना निवांत. उगाच फोन करून उठवू नकोस." तिने नाही उठवलं. अकराव्या दिवशी सकाळीही दोनच होता. दुपारी हॉस्पिटलातून फोन आला. सकाळी बरं असलेला माणूस दुपारी जातो कसा? आपण एकदा तरी फोन केला असता तर? या प्रश्नापुढे ती चार दिवसांत गेली नव्हती.

साडेपाचला तिने नंबर लावला. तिच्या स्क्रीनवर 'बाबा' उमटलं. चौथ्या रिंगला कुणीतरी फोन उचलला, पण बोललं नाही. रोजचं ठरलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. तेच बाहेर पडलं.

"सकाळी तुम्ही पाचवा दाबलात. म्हणून फोन केलाय."

"हो." आवाज मुलीचा होता, तिच्याच वयाचा. "मी इथली सिस्टर. ताई, तुमच्याकडे पाळ्या असतात ना? तुम्हीच कराल असं वाटलं नव्हतं. फोनवर 'लेक' आलं आणि उचलू की नको, कळेना."

"हा फोन तुमच्याकडे कसा?"

"काकांची पिशवी माझ्याच कपाटात आहे. आणि तिसऱ्या दिवसापासून फोन मीच दाबत होते. त्यांना धरवत नव्हता. ते बोटं दाखवायचे, मी तो चेहरा दाबायचे."

"म्हणजे दोन त्यांनीच सांगितलं? रोज?"

"आधी पाच बोटं दाखवायचे. मी पाचव्यावर बोट नेलं की मानेने नको म्हणायचे. मग एकेक करून तीन मिटायचे."

"का?"

"मीही विचारलं होतं. तर कागदावर लिहून दाखवलं. पाच दाबलंस तर लेक फोन करेल. या मास्कमधून मला बोलता येणार नाही. ती घाबरेल."

"कोण आहे गं?" आतून आईने विचारलं. तिने दार लोटून घेतलं. फोनमध्ये पलीकडे एक ट्रॉली खडखडत गेली.

"सिस्टर, मग आज पाच कुणी दाखवली?"

"कुणीच नाही. आजचा पाचवा माझा आहे," सिस्टर म्हणाली. "मला बोलता येतंय, ताई."